चाचांनी पाहिलेला गडगा

माझ्या वेल्सच्या फोटोंचं तुम्ही कौतुक करताय, पण यातला हा फोटो मी स्वतःच नीट पाहिला नव्हता. तो मला इथे आखातात, फरीज बिन ओमरान वस्तीतल्या फ्रेमवाल्या चाचांनी दाखवला. चाचा मूळचे रत्नागिरीचे.

मी म्हटलं, "बघा चाचा, डोंगरावर काय धुकं उतरलंय."

"धुकं राहू दे. हा दगडी गडगा बघ, पोटातून फुगलाय. एका पावसात खाली येईल. मालक ओळखीचा आहे?"

होता. पाच वर्षं त्याच्याच शेतात मी तंबू टाकत होते.

"मग त्याला फोन लाव."

"लावते. आधी फ्रेम करा ना, परवा प्रदर्शन आहे."

"आधी फोन. कोणाची मेंढरं त्याखाली मेली, तर कसलं प्रदर्शन?"

लावला. म्हातारा शेतकरी "बघतो" एवढंच म्हणाला. अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला. दगड खरंच सुटले होते आणि आडोशाला दोन मेंढ्या बसल्या होत्या. त्याने त्या हलवल्या.

"तुझा हा माणूस इथे कधी येऊन गेला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कधीच नाही. त्याचे वडील कोकणात असेच गडगे घालायचे."

वेल्स सोडताना या म्हाताऱ्याचे आभार कसे मानावेत, ते मला सुचलं नव्हतं. ते काम चाचांनी दुकानात बसून केलं.

म्हातारा म्हणाला, "त्याला विचार, बाकीच्या फोटोंत माझ्या भिंती कशा दिसतात?"

मी विचारलं. चाचांनी चष्मा पुसला.

"यल्ला, चल, सगळे फोटो बाहेर काढ."