फाटकापाशी ओवी

(लोणंदजवळचं रेल्वे फाटक पडलेलं. दोन्ही अंगाला गाड्यांची रांग, इंजिनं घरघरतायत.)

पल्लवी: आज्जा, अजून जरा मोठ्यानं! पहिल्या टेम्पोपर्यंतसुद्धा पोचत नाहीये!

तात्याबा: पोरी, गळ्याचं आपरेशन झाल्यापास्नं एवडाच आवाज उरलाय. ह्या घरघरीत कोन ऐकतंय?

पल्लवी: ‘फाटक बंद, इंजिन बंद’. आठवडाभर ही पाटी धरून उभी आहे मी. कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून तर तुम्हाला आणलं!

तात्याबा: आपरेशननंतर मी मेंढरामागं बी गायलो न्हाई गं.

धनाजी: ए ताई! काय इकतीयास?

पल्लवी: काही विकत नाही, दादा. फाटक उघडेपर्यंत टेम्पो बंद करा, एवढंच. डिझेल वाचेल. आणि मागं बघा, ती बाई बाळाला घेऊन दुचाकीवर बसलीय. तुमचा सगळा धूर त्याच्या तोंडावर!

धनाजी: मला काय हौस हाय व्हय? स्टार्टर गेलाय. बंद केली की ढकलल्याबिगर सुरू व्हत न्हाई. कांदा भरलाय, बाजार गाठायचाय. आन् हे बाबा काय पुटपुटत्यात?

पल्लवी: गातायत! धनगरी ओवी. खास ह्या फाटकासाठी रचलीय.

धनाजी: तात्याबा न्हवं हे? आवं, आमच्या जत्रंत गायला हुता की तुमी! बापाच्या खांद्यावर बसून ऐकलंय मी!

तात्याबा: तवाचा गळा ऱ्हायला न्हाई, गड्या.

धनाजी: थांबा. ही बगा, केली बंद! फुडचं फुडं. ए मागचं! बंद करा रं गाड्या! तात्याबा गायाला लागल्यात, कायबी ऐकू येईना!

पल्लवी: आज्जा, दुचाकीवाल्यांनी बंद केल्या! ट्रकपण! अगंबाई, एसटीपण! बायका खिडकीतनं डोकी काढतायत. गा, आज्जा, गा!

तात्याबा:
मेंढरू थांबलं, रवंथ करीतं,
खाल्लेलं चघळीत उभं ऱ्हातं;
गाडी ही थांबली, तरी बी चरती,
थांबल्या जागी त्याल गं पिती!

धनाजी: आरं वा रं वा! माजीच गाडी की ही!

पल्लवी: सगळे हसतायत! ट्रकवाले दादा म्हणतायत, पुन्हा एकदा!

तात्याबा: पुन्ना कशाला? अजून लय हाय फुडं.

पल्लवी: थांबा, रेल्वे आली. जाऊ दे ती... गेली! फाटक उघडतंय, आज्जा.

धनाजी: उघडू दे! ए, हॉर्न नको! पुरी करू द्या त्यास्नी!

तात्याबा:
माझ्या रं गड्या, चाबी फिरीव,
पोरांच्या वाट्याचा वारा ऱ्हाऊ दे!

पल्लवी: टाळ्या ऐकताय ना? पार शेवटच्या गाडीपर्यंत, आज्जा!

धनाजी: आता माजं कसं हुयाचं गं, ताई?

पल्लवी: मागं बघा तर! ट्रकवाले उतरले, कंडक्टर उतरला, सगळेच आले की! गियर टाका, दादा!

धनाजी: लावा जोर! आजून! झाली! झाली रं सुरू! येतो, तात्याबा!

पल्लवी: जमलं आज्जा, जमलं! चला आता घरी. गळ्याला ताण पडला असेल. हे घ्या, पाणी प्या.

तात्याबा: पानी दे. पर पल्याडच्या रांगंला काय ऐकू गेलं न्हाई गं. फुडची रेल्वे कवा हाय?