लहान झालेले बूट

बूट शिवणाऱ्या काकांकडे माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. त्यांनी काकांसमोर लहान मुलीचे बूट ठेवले.

"लेक केवढी आहे?"

"सात वर्षांची. बूट पाचव्या वर्षाचे आहेत."

"मग नवे घ्या की, बाई!"

"तीन जोड आणलेत. खोक्यातच पडलेत. पण ती हे बूट पायातून काढतच नाही. झोपतेसुद्धा तशीच."

"लाडावून ठेवलीत तुम्ही."

"संस्थेनं माझ्याकडे सांभाळायला देऊन चारच महिने झालेत, काका. हे तिचं तिसरं घर. पहिल्या घरातून तिला झोपेतच उचलून नेलं. तेव्हाचे बूट तिथेच राहिले. हे त्यानंतरचे."

"असं होय…"

"पुढून कापून बोटांना जागा करून द्या. पार सोलवटलीत."

"करतो. उद्या संध्याकाळी या."

"उद्या नको. मी थांबते."

"अहो, दीड तास मोडेल. घरी जाऊन या."

"बूट घेतल्याशिवाय जाता यायचं नाही. तिला तसा शब्द दिलाय."

"मग सावलीत तरी या, फरशी तापलीय… अहो! तुमच्या पायात काहीच नाही?"

"चपला तिनं ठेवून घेतल्या. बुटांच्या बदल्यात."

"घरात दुसऱ्या नव्हत्या?"

"होत्या की. त्याही तिनंच घेतल्या. सगळ्या मांडीवर घेऊन दारात बसलीय, माझ्या आईजवळ. निघताना म्हणाली, 'आता तुला परत यावंच लागेल.'"