भावाचा उपास

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या माळावर. तितं पाणी म्हणजे डोक्यावरचा हंडा, दुसरं पाणी आमी बघितलंच न्हवतं. लगीन होऊन पिंपळीला आले तर मळ्याकडंनं चारी वाहती, पाटाचं पाणी, मी आपली तितंच बसून राहिले. तर नणंद हसाय लागली, हौसा, म्हणली वयनी, पाणी काय पळून चाललंय व्हय, घरात चला, आई वरडंल. माझ्यापेक्षा दोन वर्सांनी धाकटी. पंधरावं लागलं तवा तिला बी उजवली, सणसरला दिली, हितनं चार कोस.

तर काय सांगू तुमाला बाई, तिची लग्नानंतरची पहिली पंचमी. पहिली पंचमी पोरीनं माहेरी करायची आन् भावानं स्वतः न्यायला जायचं. आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास धरत्यात, भावाला आयुष्य लाभावं म्हणून, आमच्याकडं अजून धरत्यात. हौसाला एकच भाऊ, आमचं मालक. उपासाच्या दिवशीच त्यांनी तिला आणायचं ठरलं व्हतं, निरोप बी धाडला व्हता.

आन् नेमकी त्याच दिवशी पाण्याची पाळी आली. माळेगावला साखर कारखाना नवा निघालेला, ज्याला त्याला ऊस लावायचा, आमी बी लावला व्हता. पाळी म्हणजे, पाटकरी सांगंल त्या दिवशी पाणी घ्यायचं, न्हायतर बसा पंधरा दिस. पाऊस त्या साली नावाला न्हवता. पाटकऱ्याच्या पाया पडून उद्या घ्यावं तर उद्या पंचमी, पंचमीला जमिनीत खोरं घालत न्हाईत. सासूबाई म्हणल्या, पाणी राहू दे, माझी पोर वाट बघत आसंल, तू जा. एवढं बोलून त्या डाळ निवडाय आत गेल्या. मालक पटका बांधत व्हतं, बांधता बांधता थांबलं, मला म्हणलं, काय करू गं.

आता खोटं कशाला बोलू ह्या वयात. माझा भाऊ त्या साली मला न्यायला आला न्हवता. निरोप बी न्हाय. मी त्याच्यासाठी उपाशी, शेणात हात घालून बसलीय, आन् सकाळपास्नं घरात एकच, हौसा येणार, हौसा येणार. तिला बांगड्या काय आणल्या, झोका काय बांधला. जळत व्हतं बाई मनात, लई जळत व्हतं. मी हळूच म्हणलं, पाणी आजचंच हाय, बहीण उद्या सकाळी बी येईल, एका दिसानं काय हुतंय. मला उसाची काळजी कवाची? ऊस वाळून गेला असता तरी मला काय वाटलं नसतं. त्यांनी पटका सोडला, खोरं घेतलं, आईला म्हणलं, मी पाणी सोडून जात न्हाय, उद्या आणतो.

दुपार कलल्यावर मी मालकांची भाकरी घेऊन मळ्यात गेले. पाणी निम्म्या सरीत थांबलेलं. चारीत बघितलं तर धार करंगळीएवढी. मालक म्हणलं, वरच्या रानातल्या तात्यानं पाणी फोडलं, त्याची खोडच हाय. खोरं खांद्यावर टाकून शिव्या देत निघालं, मी मागनं. तात्या बांधावर इडी वढत बसलेलं. मग काय, आयमाय निघाली, खोऱ्याला खोरं लागायचं तेवढं राहिलं, आन् येळ किती गेला बाई, किती येळ गेला. शेवटी तात्या म्हणलं, माझं दार बंद हाय, डोळ्यानं बघ, वर मोरीत काय तरी अडाकलं आसंल.

गाडीवाटंखाली नळाची मोरी हाय. तिच्या अलीकडं पाणी तुंबून छातीएवढं झालेलं, नळाच्या तोंडाशी लुगड्याचा पदर. तात्यानंच उडी टाकली. मालक नुसतं उभं.

वाट बघून बघून पोर एकटीच निघाली व्हती. आळीतल्या पोरींचं भाऊ येऊन घेऊन गेलं, मग सासूला म्हणली, दादा वाटंतच भेटंल. चार कोस उपाशीपोटी. मोरीपास्नं घर दिसतंय आमचं. पाय धुवाय उतरली आसंल, शेवाळावर सटाकली आसंल, कुणी बघितलं न्हाय. बोचकं काठावर तसंच, आत लाह्या. मालक म्हणत्यात, आमी भांडत व्हतो तवा ती जित्ती व्हती का. मी म्हणते न्हाय वो, कवाच गेली व्हती. मला काय म्हाईत?

सासूबाई लेकाला उठता बसता म्हणायच्या, पाण्यापायी बहीण खाल्लीस. मालक खाली मान घालून ऐकायचं. एकदा तरी म्हणावं का न्हाय माणसानं, हिनं सांगितलं म्हणून? कवा म्हणलं न्हाय. मला एकांतात बी न्हाय. त्यापरीस मारलं असतं तर बरं झालं असतं.

सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात मीच सगळं केलं. एक दिवस माझा हात धरून म्हणल्या, तू गुणाची गं, त्या दिवशी तू तरी त्याला जा म्हणली असशील, व्हय न्हवं? मालक उंबऱ्यात बसलेलं. मी व्हय म्हणलं. त्यांनी एकदा बघितलं माझ्याकडं आन् उठून बैलांस्नी पाणी दावाय गेलं. सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आन् तीन दिसांनी गेल्या.

आता मालकास्नी दिसत न्हाय. वट्यावर बसल्यात बघा. तुमाला भाऊ हाय न्हवं बाई? औक्षवंत हू दे. जाताना मालकास्नी रामराम करा. विचारतील, हौसाचं सांगितलं का म्हातारीनं. व्हय म्हणा. मग ते सांगतील, पाण्याच्या हावंपायी मीच गेलो न्हाय. ऐकून घ्या. मी बी ऐकते.