आठ वेळा चुकलेला माग

—अगं, मुद्दाम कोण करतंय? बस इथं सावलीला, पोरी. दिग्दर्शक झालीस म्हणून ऊन काय तुला सोडणार आहे? आठ वेळा माग चुकला, कबूल. पण पहिल्यांदा सापडला होता, तेव्हा तूच थांबवलंस. मी घोड्यावरून उतरलो, वाळूत बघितलं आणि म्हणालो — हा सेल्विन, डावा पाय ओढतोय. मागनं नोरीनआत्या, रागात दिसते, टाच बघा कशी रुतलीय. तर तू म्हणालीस, लेनर्ड, सिनेमातली ही माणसं शंभर वर्षांपूर्वीची, तुझ्या ओळखीची नाहीत. आता कशी नसतील? आम्ही इथली मूळ माणसं; आमच्या वस्तीत कोण कुणाकडे जेवून गेलं, तेही वाळूत दिसतं. आणि तो सेल्विन — गोऱ्यांची गाय मारून पळालेला दाखवायचा ना त्याला? — झुडपातनं ओरडतो, "दादा, चष्मा पाठवू का?" त्याला आधी गप्प कर.

नाही, टोपीचा त्रास नाही. पोलिसांची टोपी आहे, घाम येतो, एवढंच. आमच्या आजोबांच्या डोक्यावर खरी होती. गोऱ्या शिपायांच्या पुढे चालून माग काढायचे ते. ती गोष्ट ऐकली नाहीस? सगळ्या वस्तीला पाठ आहे. आजोबांनी शिपायांना तीन दिवस त्याच डोंगराभोवती फिरवलं, साहेबाच्या बुटाचा तळ सुटला, शेवटी साहेब अनवाणी घोड्यावर — मी सांगायला लागलो की नोरीनआत्या पोट धरून हसते. दर वेळी. पंचाहत्तरीची बाई, डोळे पुसते तिच्या त्या फुलाफुलांच्या झग्यानं. म्हणते, तुझ्या आजोबांसारखा माणूस झाला नाही.

मग काय अडलं? काही नाही अडलं. तुझ्या कागदावर लिहिलंय, माग काढणारा बोट दाखवतो, शिपाई पाण्याच्या डोहाकडे घोडे फेकतात, तिथल्या माणसांना गोळ्या घालतात. तर ते बोट — आम्ही बोट नाही दाखवत गं, ओठ पुढे करतो, असे. आजोबांनीही तसंच केलं होतं. एकदाच. ओठ—

हो. डोहाकडे.

डोंगराभोवती फिरवलं ते खरं, पण दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी साहेबानं बंदूक आजोबांच्याच पाठीला लावली. वाळूत पाऊल होतं, ओळखीचं — नोरीनआत्याच्या आजोबांचं. दोघं एकत्र वाढलेले. अकरा माणसं गेली. तिचा बाप वाचला, पाच वर्षांचा, लव्हाळ्यात दडून. मी वीस वर्षांचा असताना आजोबांनी हे सांगितलं, माझं मनगट धरून. दुसऱ्या दिवशी गेले. डोंगराची गोष्ट मी मग आणखी रंगवून सांगायला लागलो. बुटाचा तळ मीच सोडवला.

आणखी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. तू पहिली, आणि तुझं तर आडनावसुद्धा मला नीट येत नाही.

ती बघ, बसलीय तिकडे खुर्चीत, चहा घेऊन. मी ओठ पुढे केले की तिला कळेल. माझ्या तोंडावरून कळेल, आमच्यात कळतं. आणि समोर चाळीस माणसं, वर तो कॅमेरा. तसं नाही कळू द्यायचं मला.

नाही, तू येऊ नकोस. ही टोपी धर. जा, सगळ्यांना जेवायला सोड, आणि आत्याच्या शेजारची ती दुसरी खुर्ची रिकामी करायला सांग.