जपून ठेवलेल्या गाडीची काजळी

मंडळी, ऐका! आज एकच सवाल – एखाद्या गोष्टीवर जीव असला, तर ती झाकून ठेवायची की वापरायची? बोला! ...गप्प? बरं, मग चला रंगरावांकडे.

रंगराव थोरवे, निवृत्त तलाठी. जन्मात एकच हौस केली – पांढरी पेट्रोल गाडी! काय तिचे लाड! रोज पुसायची, उदबत्ती ओवाळायची. आणि चालवायची किती? घर ते देऊळ, देऊळ ते घर! काटा तीसच्या पुढं गेला की ह्यांच्याच छातीत धडधड! हसताय काय? तुमच्या सोफ्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, मला माहीत आहे!

त्यांच्या बायकोचं, सुभद्राबाईंचं माहेर सावरघाटाच्या वर. एसटी फाट्यावर सोडते, पुढं दोन कोस चढ, आणि बाईंचे गुडघे गेलेले, म्हणून माहेरी जाणंच बंद. सहा वर्षं म्हणतायत, "अहो, गाडीनं न्या ना." सहा वर्षं एकच उत्तर – "घाटात गाडीला त्रास होतो गं." अरे, आणि बायकोला होतो त्याचं काय?

एके सकाळी बाईंच्या भावाचा फोन आला. आईची नजर चाललीय. म्हातारी म्हणते, दिसतंय तोवर लेकीचं तोंड दाखवा.

रंगराव हलले! लगोलग निघाले. पण घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडीला धाप – मागून काळा धूर, ओढच नाही! सुभद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. गाडी कशीबशी मागं वळवून पायथ्याच्या गॅरेजात आणली.

अमीनभाई मेस्त्रींनी कान देऊन ऐकलं. "इंजिनात काजळी धरलीय, राव."

रंगराव गाडीला आडवे आले. "म्हणजे इंजिन खोलणार?"

"गरज नाही. चालू इंजिनात हवेच्या नळीतून साफ करायचं औषध फवारतो. काजळी सुटेल, धुरावाटे जाईल."

"पण मी तर फुलासारखी जपली हो!"

"तेच तर! तापायच्या आत बंद करता. मग आतलं पुरतं जळणार कसं? आता औषध मारलं की खालच्या गिअरमध्ये घाट चढवा. भिऊ नका."

फवारलं! असा धूर निघाला, की शेजारचा चहावाला भांडायला आला!

पुन्हा घाट. रंगरावांचा पाय काही दाबेना. तोच सुभद्राबाई ओरडल्या – "दाबा!" लग्नाला चाळीस वर्षं, पहिल्यांदा ओरडल्या! दाबलं मुकाट्यानं! तिसऱ्या वळणावर धूर थांबला, गाडीला ओढ आली, आणि रंगराव पोरासारखे हसायला लागले.

वर अंगणात म्हातारी बसलेली. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ आणलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "सुभे, केस पिकले की गं तुझे! कधी पिकले?"

 रंगराव मान खाली घालून सासूच्या पाया पडले.

मंडळी, माया आपल्याकडंही भरपूर आहे हो! पण वापरतो का? पुढच्या सुट्टीत जाऊ, दिवाळीत जाऊ – आणि आत काजळी धरते. आज इथं भजनाला बसून देवाला तासभर आळवलंत, बरं केलंत. आता सांगा, तुमची वाट कोण बघतंय? आठवलं ना नाव? मग माझ्या तोंडाकडं काय बघत बसलाय? त्यांचे डोळे शाबूत आहेत तोवर – उठा, निघा!