चौथ्याची उजवी बाजू

हॅलो?… कोण?… जरा मोठ्याने बोल गं, मागे काय बाजार भरलाय की काय?… टिल्लू? आज तुला बहिणीला फोन करायला फुरसत कशी मिळाली? उद्घाटन आहे ना तुमचं?

बरं, आपलं. आपलं उद्घाटन. बोल.

छे, झोपलेय कुठली, नऊ वाजून गेलेत. टेबलाशी बसलेय. एका शाळेच्या मैदानावर पाणी साचतं, त्याचा उतार काढून द्यायचाय… हो, छोटंच काम आहे. छोटं तर छोटं, माझं आहे.

नाही. येणार नाही. हे विचारायला फोन केलास?… बाबांनी सांगितलं करायला?… नाही ना? मग झालं तर. आठ महिन्यांत त्यांना मुलीची आठवण झाली नाही, आणि मी नटूनथटून टाळ्या वाजवायला येऊ?… अगं, काय वाईट बोलले होते मी? एवढंच म्हटलं, की गवत लावण्याआधी नकाशा एखाद्या बाहेरच्या खेळाडूला दाखवू या. तर म्हणाले, "चाळीस वर्षं गोल्फची मैदानं आखतोय, मला बाहेरचा डोळा कशाला?" आणि वर माझी पट्टी आणि पेन्सिली खोक्यात भरून दारात ठेवल्या. तेव्हा तू कुठे होतीस?… हो, परीक्षा होती. राहू दे. आजच्या दिवशी नको.

सांग, कसं दिसतंय?… गवत आलं छान? सगळीकडे?… हो, बाबांनी आठ महिने त्यावर कुणाला पाऊल ठेवू दिलं नसेल. मुंगीलासुद्धा परवानगी काढावी लागली असेल… हसू नकोस, खरंय ते.

पहिल्यावर का नाही? चौथ्यावर?… अच्छा, अठरा होलांपैकी उद्घाटनाचे फटके चौथ्या होलवर. हां, बरोबर, लोकांना बसायला तिथेच जागा आहे. तो उजवीकडचा उतार, दोन मोठी झाडं… दोनशे खुर्च्या? बापरे… आई कुठे आहे?… पहिल्या रांगेत, चहाचा थर्मास घेऊन. अर्थात. आणि तू?… तिच्या बरोब्बर मागे. वा, सावलीत बसून फोन. मजा आहे बाई तुझी.

ती सावली कुणामुळे मिळाली, ठाऊक आहे का? माझ्यामुळे. बाबांना तिथे गुडघाभर गवत वाढवायचं होतं. मी म्हटलं, एवढा सुंदर उतार आहे, माणसं बसू देत, पाचव्याकडे जायची पायवाटही तिथूनच नेऊ. ते पालुपद आठवतं ना त्यांचं? चांगलं मैदान माणसाला प्रश्न विचारतं, वाईट मैदान नुसतं शिक्षा करतं… हां, तेच. मग मी म्हटलं, आणि बघणाऱ्यांचं काय? त्यांनी काय रस्त्यावर उभं राहायचं? दोन दिवस भांडले, तेव्हा कुठे मान्य केलं.

कोण कुरकुरतंय?… फोटोग्राफर? त्याला काय झालं?… हां… हां… पाहुणे सराव म्हणून नुसती काठी फिरवतायत, त्यांचे फोटो छान येतायत, चेहरे अगदी समोर… आणि बाबांची?… नुसती पाठ! काय करणार बिचारा. अगं, डावखुरे ना ते. माझीही पाठच आली असती. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो की आमचं तोंड तळ्याकडे आणि पाठ तुमच्या…

थांब.

थांब जरा, टिल्लू. काय म्हणालीस? बाकी सगळ्यांचे चेहरे?… सगळ्यांचे? बाराच्या बारा पाहुण्यांचे?… तुमच्याकडे तोंड करून उभे राहतात?

नाही, काही नाही… अगं एक मिनिट, फोन ठेवू नकोस. कपाटावरून नळी काढतेय… मैदानाच्या नकाशाची. एक प्रत आहे माझ्याकडे… आले, आले. हा कागद सारखा गुंडाळतोय, कप ठेवते एका टोकाला… हां. चौथं.

अरे देवा.

नाही, तू बोलू नकोस, ऐक. मी विचारते त्याचं उत्तर दे. त्या होलवर अजून कुणी चेंडू मारलाय का? आज, काल, कधीही?… एकही नाही? नक्की?… गवतासाठी. हो. म्हणजे आम्हीच काय ते मारले होते, माती होती तेव्हा. मी आणि बाबा.

टिल्लू, नीट ऐक. नवख्या माणसाचा फटका चुकला ना, की चेंडू बहुतेक वेळा वळून त्याचं तोंड असेल त्या बाजूला पळतो. डावखुऱ्याचा डावीकडे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवीकडे… हो, तुमच्याकडे… अगं, रबराचा नसतो तो! दगड असतो दगड. डोक्यात बसला तर माणूस उठायचा नाही.

घाबरवत नाहीये. मीच घाबरलेय.

तू सांग, आपल्या घरात उजव्या हाताने खेळणारं कोण आहे? आई खेळत नाही. बाबा डावखुरे, मी डावखुरी. उरलं कोण?… तू. आणि गेल्या वर्षी बाबांनी तुला चौथ्यावरून एक फटका मारायला लावला होता, आठवतं? कुठे गेला होता चेंडू?… त्याच उतारावर. दोन झाडांच्या मध्ये. आणि आम्ही काय केलं? पोट धरून हसलो. बाबा म्हणाले, "टिल्लूचा चेंडू टिल्लूसारखाच, सांगितल्या जागी जायचाच नाही." मी तर सगळ्यांत जास्त हसले. अगं, तू आम्हाला दाखवून दिलंस आणि आम्ही तुलाच वेड्यात काढलं.

किती वाजलेत तुझ्याकडे?… पावणेदहा. पहिला फटका दहाला ना? कोण मारणार आहे?… क्लबचे अध्यक्ष. सहा महिन्यांपूर्वी शिकायला लागलेले, तेच ना? साप मारल्यासारखी काठी हाणतात ते?… अगं मग!

बाबा कुठे आहेत?… त्यांच्याकडे जा. आत्ता. चालत नको, पळत.

काय "ताई, ताई"?… उद्या सांगू? आज निभावून जाईल?… आणि नाही निभावलं तर? आई पहिल्या रांगेत बसलीय, टिल्लू!… माहितीये मला, शेवटचं मैदान आहे त्यांचं. माहितीये, दोनशे लोकांसमोर नाक कापलं जाईल. मला काय आनंद होतोय का? पण ऊठ तू. ऊठ त्या खुर्चीवरून. पर्स राहू दे तिथेच, जा.

पोचलीस?… दे त्यांना फोन… काय म्हणतात?… "तिला सांग, मी कामात आहे." हं. वाटलंच. त्यांना म्हण, ताई म्हणतेय चौथ्यात चूक आहे आणि ती चूक तिची स्वतःची आहे. अस्सं म्हण. मग घेतील फोन.

…

बाबा.

हो, मीच. हो, आठ महिन्यांनी… बाबा, टोमणे नंतर मारा, वाट्टेल तेवढे मारा, सगळे ऐकून घेईन. आता दोन मिनिटं द्या… नाही, मी तुमच्या रंगाचा बेरंग करायला फोन केलेला नाही. ऐका ना… बाबा, चौथ्यावर आपण डावीकडे किती झाडं लावली?… सांगा तर… बेचाळीस. तळं कुठे आहे?… डावीकडे. तिन्ही वाळूचे खड्डे?… डावीकडेच. कारण चुकलेला चेंडू तिकडे जातो. तुमचा जातो. माझा जातो. आणि उजवीकडे काय ठेवलंय आपण?

बाबा? उजवीकडे काय आहे?

माणसं आहेत बाबा. दोनशे माणसं. आणि त्या बारा पाहुण्यांपैकी एक तरी डावखुरा आहे का, बघा एकदा. फोटोग्राफरला विचारा, त्याच्याकडे सगळ्यांचे चेहरे आहेत.

…

अध्यक्ष चांगले खेळतात? हे तुम्ही म्हणताय? मागे आईला तुम्हीच नक्कल करून दाखवली होतीत त्यांची!… नाही, मी आवाज चढवत नाहीये… बरं, चढवला. चुकलं.

नाही, हा त्या भांडणाचा सूड नाही. बाबा, शपथेवर सांगते. बाहेरच्या माणसाला नकाशा दाखवा म्हणाले, ते मला काही कळलं होतं म्हणून नव्हे. मलाही दिसलं नव्हतं. तिथे गवत वाढवायचं तुम्ही म्हणत होतात. तुम्ही बरोबर होतात. लोकांना बसवायची कल्पना माझी, पायवाट माझी. रेघसुद्धा माझ्याच हातची आहे. हा नकाशा समोर आहे माझ्या, चौथ्यावर माझ्या डाव्या हाताचा काळा डाग अजून तसाच आहे, तुम्ही ओरडला होतात त्याबद्दल. आठ महिने मी सगळ्यांना सांगत फिरले, की बाबा कुणाचं ऐकत नाहीत. पण हे तुम्ही माझं ऐकलंत म्हणून झालं.

हॅलो?… बाबा?… ऐकताय ना?

बाबा?

टिल्लू? तू कशी?… कुठे गेले ते?… फोन तुझ्या हातात कोंबला आणि निघाले?… कुठल्या दिशेने? अध्यक्षांकडे?… नाही? माईककडे?

शूः, गप्प. ऐकू येतंय मला. फोन वर धर… अजून वर.

काय म्हणाले? नीट कळलं नाही… "माझ्या चौथ्या होलमध्ये चूक आहे." असंच?… माझं नाव घेतलं?… नाही? नुसतं "माझ्या"?

…

नाही, काही नाही. ऐकतेय. पुढे सांग… उठतायत लोक? भराभर उठव त्यांना… अध्यक्ष काय म्हणतात?… "एवढा बोभाटा कशाला, आजवर कुणाला लागलंय का?" आज पहिलाच दिवस आहे म्हणावं, लागणार कुणाला! आणि बाबा?… उतारावर उभं राहून हाताने लोकांना मागे सारतायत. गुडघा दुखतो गं त्यांचा.

आई उठली का?… काय म्हणजे "नाही"?… "आमच्या घरच्या मैदानात मला काही होत नाही"? तिला सांग, मोठीने सांगितलंय. सांग, नाही उठलीस तर मी पुढचे आठ महिनेही घरी येणार नाही… उठली? थर्मासशिवाय? म्हणजे खरंच घाबरली.

आता कोण हाक मारतंय तुला?… बाबा? कशाला?… काय?

तुला मारायला सांगतायत?

अगं, रडतेस काय! अपमान नाही करत ते तुझा. कुणाला पटत नाहीये म्हणून दाखवायचंय त्यांना, आणि दाखवणारं घरात तुझ्याशिवाय कुणी नाही… जा. उतार रिकामा आहे ना? एकूण एक माणूस हलला?… मग जा. जशी नेहमी मारतेस तश्शीच मार. नीट मारायचा प्रयत्न तेवढा करू नकोस… फोन आईकडे दे.

आई? बरी आहेस ना?… अगं, मी जेवते, झोपते, सगळं करते, ते सोड. तू कुठे उभी आहेस?… झाडाच्या मागे जा. हो, पूर्ण मागे. एक डोळा काढून बघ आणि मला सांग.

चढली का ती फटक्याच्या चौथऱ्यावर?… बाबा कुठे आहेत?… तिच्या शेजारी? तिची मनगटं धरून दाखवतायत? काय सांगतायत?… तुला कसं ऐकू येणार म्हणा.

हं… उचलली काठी…

आई?

मारला का?… आई, बोल ना. मला इथून काही दिसत नाहीये… आवाज आला मला. कसला आवाज होता तो?… आई!

कुठे पडला?

दुसऱ्या रांगेत. खुर्ची फुटली?… टेकायची पाठ. आरपार… कुठली खुर्ची? तुझा थर्मास कुठे राहिलाय, त्याच्या कुठे?… मागे? बरोब्बर मागे?

पर्स आहे का त्या खुर्चीवर?

…

हो आई. टिल्लूचीच. फोन केला तेव्हा ती तिथेच बसली होती. "ताई, सावलीत बसलेय" म्हणत होती मला.

मी… हो, पाणी पिते. पिते गं. तिला जवळ घे आधी. घट्ट धर… अध्यक्ष काय म्हणतात?… खाली बसले? बसू देत.

कोण?… दे.

बाबा.

हो… हो, सांगितलं आईने… नाही, तुम्ही नका तसं म्हणू… बरं, दोघांची. अर्धी अर्धी.

काय करायचं म्हणता? गवत? नुसत्या गवताने नाही भागायचं. चौथराच वळवावा लागेल डावीकडे. तळ्याचा थोडा भाग बुजवू. पायवाट तर काढूनच टाकायची… हो, मोडायलाच लागेल. पाहुण्यांना आज पहिल्यावर न्या ना, तिथे दोन्हीकडे मोकळं आहे. फक्त लोकांना त्यांच्या मागे उभं करा… केलंत? तेवढ्यात?

मला वाटलं होतं, तुम्ही माझं नाव घ्याल माईकवर… मैदानाखाली सही तुमची, म्हणून चूकही तुमची?

…

हं.

येते. नकाशा घेऊनच येते, दुपारपर्यंत पोचेन… पट्टी आहे. पेन्सिलीही आहेत, सगळं अजून त्याच खोक्यात आहे. उघडलं नाही मी… आणि बाबा, काही खोदायच्या आधी या वेळी कुणाला तरी—

काय?… टिल्लूला? अठराच्या अठरा होलवर पहिला फटका टिल्लूचा?… अहो, ती तयार आहे का, विचारलंत तरी?… फोटोग्राफरला हसून दाखवतेय? आत्ता रडत होती ना!

हो… अगदी खरं आहे, बाबा. एवढी वर्षं आपण दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो, आणि टिल्लूकडे आपली पाठच होती.

येते मी. ठेवा आता, लोक थांबलेत तुमच्यासाठी… नाही, आधी तुम्ही ठेवा.