फुगा हातात असताना

नाही, तू बोलू नकोस. तुझ्या हातात फुगा आहे, आणि फुगा हातात असताना तोंड बंद, हा या खोलीचा नियम आहे, मीच केलेला, भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेला. बोलायचं खातं माझ्याकडे. टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाला नियम लागू नाही — असं कुठे लिहिलेलं नाही म्हणा, पण लागू आहे असंही लिहिलेलं नाही. बावीस वर्षं मी तू उभी आहेस तिथे उभा राहून फुगे तयार केले, हवा काढून काढून बोटांना घट्टे पडले, आणि आज त्याच दिव्याखाली मांडी उघडी टाकून पडलोय. हृदयाची झडप दगड झालीय म्हणे. म्हणजे आधी तुझा फुगा मांडीतल्या नसेतून वर जाणार, पाणी भरून फुगणार, दगडाला फाकवणार, आणि मग तिथे नवी झडप बसणार. पेशंटांना हे इतक्यांदा सांगितलंय की मला वाटायचं, माझंही एकदा होऊन गेलंय.

काकू बाहेर बसलीय तुझी. तिला म्हटलं, झडपेची बिजागरी जरा कुरकुरतेय, तेल घालून येतो. पटलं असेल तिला? छे, लग्नाला तीस वर्षं झाली, ओळखते मला. चष्मा तेवढा काढून पर्समध्ये टाकला — म्हणाली, आत तुम्हाला काय वाचायचंय.

तर हत्तीचं. सर्कशीतला. सांगितलंय? मग पुन्हा ऐक, दर वेळी हत्ती थोडा वाढतो. झडप परातीएवढी, फुगा म्हणजे हा एवढा दुधी भोपळा, पाणी भरायला बादली. सिरिंज ओढायला दोन माहूत लावले, आणि आतून असा बुडबुडा निघाला की मी त्यात बघून भांग पाडून घेतला. हत्ती? ठणठणीत. परवा दिसला, त्यानेच ओळख दिली.

निघाला का गं बुडबुडा? ओढून धर, उजेडात धर, टिचकी मार. मोहरीएवढी हवा राहिली आणि फुगा आत फुटला, तर ती सरळ डोक्यात — पण हे मी कोणाला सांगतोय? तुलाच? तू तर त्या दिवशी —

जाऊ दे. नाही, जाऊ कशाला दे, डॉक्टर अजून हात धुताहेत. आठ वर्षं झाली. त्या शाळेतल्या बाई टेबलावर होत्या, तू कामाला लागून तीन महिने झालेले, आणि मी हेच हत्तीचं रंगवून सांगत फुगा डॉक्टरांच्या हातात दिला. तू पुढे झालीस आणि काढून घेतलास. डॉक्टरांच्या हातातून. डॉक्टरांनी मला विचारलं, काय प्रकार आहे? मी काय म्हणालो? नवीन आहे, घाबरते. बुडबुडा होता गं. मसुराएवढा. हत्तीसारखा वाढवत नाहीये मी — उलट आठ वर्षं तो बारीक बारीक करत आणलाय. तू निमूट हवा काढलीस, फुगा परत दिलास. आणि वर्षअखेरच्या शेऱ्यात मी तुझ्या नावापुढे लिहिलं, ‘घाबरट’. तुझं नोकरीत कायम होणं वर्षभर लांबलं. तुला वाटलं असेल, साहेबांनी अडवलं. साहेब बिचारे सही करायचे नुसती.

आणि ती पाटी. त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी लावली. सगळे समजले, नव्या पोरीला वळण लावतोय. पाटी माझ्यासाठी होती. पाळलीस मात्र तू एकटीने, म्हणून तुला मौनीबाई नाव पाडलं — तेही मीच. काल ड्युटीच्या कागदावर आजसाठी दुसऱ्याचं नाव दिसलं, तर साहेबांना म्हटलं, मौनीबाई नसेल तर माझी झडप मी घरी घेऊन जातो. आता कळलं ना, कशाला हट्ट धरला? भीती वाटते गं. हत्तीलाही वाटत होती.

हे चौथ्यांदा ओढतेयस? मी तीनदा शिकवलं होतं. मला तीनदा पुरायचं — बरं, पुरायचं नाही. ओढ. पाचव्यांदाही ओढ, डॉक्टर थांबतील, मी तर बांधलेलाच आहे. ते डाव्या कडेला काय चमकलं? दिवा का? का बुडबुडा? बिनचष्म्याचं मला सगळं बुडबुडाच दिसतंय, तुझ्या डोक्यासकट. एकदा सांग, साफ आहे ना? बोलू नकोस, मान हलव. रागावलीयस का? तेही मानेनंच सांग. अशी हनुवटीनं काय दाखवतेयस? भिंतीवर? पाटी होय. ती मला दिसत नाही इथून, पण अक्षर माझंच आहे, पाठ आहे मला. फुगा हातात असताना —

बरं.